रान जनतेचं, शेटजींच्या बापाचं नव्हे!



१०६ हुतात्म्यांनी रक्त सांडलं, तेव्हा १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. कशासाठी? राज्य मराठीचं आणि जमीन बिल्डरची, यासाठी?

पुण्याच्या कोंढव्याचं ऐका. १८७९ पासूनचं राखीव जंगल, ११.८९ हेक्टर. १९९८ साली सरकारने ते ‘शेतीसाठी’ म्हणून खाजगी हातात दिलं. पाठोपाठ ते गेलं गृहनिर्माण सोसायटीच्या घशात. नांगर राहिला बाजूला, आले बिल्डिंगचे नकाशे! १५ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने हे वाटप रद्द केलं. पण त्यात २७ वर्षं गेली!

आता आदिवासीचा हिशेब बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला कसती जमीन मिळते जास्तीत जास्त ४ हेक्टर. तीही विकता येत नाही. शिवाय पुरावे आणा, खेटे घाला! शेटजींच्या वाटेला मात्र सगळी दारं उघडी.

गिरणीवाला म्हणेल, आपला रानाशी काय संबंध? बाबा रे, गिरण्यांची जमीन आठव. १९९१ च्या नियमात तिचे तीन वाटे होते : मैदानांना, घरांना, मालकाला. २००१ साली नियम फिरवला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची म्हणाले, आणि जनतेचा वाटा आटला. चाळीत जे झालं तेच रानात चाललंय.

कोर्टाने सगळ्या राज्यांना खास पथकं नेमून अशी रानं शोधायला आणि वर्षात वनखात्याला परत द्यायला सांगितलं. मग आमची मागणी एकच : कुठलं रान, कुणाला, कुणाच्या सहीने दिलं, ती यादी गावोगावच्या चावडीवर लागलीच पाहिजे! रान परत मिळालंच पाहिजे!