लुटारू कोण, हे कुणी ठरवलं?

१७ सप्टेंबर जवळ आला की आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गोष्टींचा पूर येतो. अमक्याने एकट्याने चाळीस रझाकार कापले, तमक्याने निजामाचा खजिना लुटून गोरगरिबांत वाटला. साल नाही, गाव नाही, ऐकलं कुणाकडून तेही नाही. जातीचं नाव मात्र ठळक अक्षरात.

खरं तर नांदेड-लातूरला अशा बनावट गोष्टींची गरजच नाही. खऱ्याच एवढ्या पडल्यात.

हदगाव-उमरखेडच्या टापूतले नोवसाजी नाईक घ्या. हटकरांचे पुढारी. इंग्रजांच्या कागदात ते बंडखोर. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालच्या निजामी फौजेने त्यांच्या नोव्हा किल्ल्याला वेढा घातला. जवळपास तीन आठवडे किल्ला लढला, ३१ तारखेला पडला. आतल्या अरब शिबंदीतले बहुतेक जण मारले गेले. जिंकलेल्या फौजेला 'नोव्हा' हा युद्धसन्मान मिळाला. त्या पलटणींची पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ ला तिचंच नाव कुमाऊं रेजिमेंट झालं. म्हणजे नोव्हाचं नाव जिंकणाऱ्यांनी जपून ठेवलं. हरलेल्यांच्या मुलखात, आपल्याकडे, ते किती जणांना माहीत आहे?

हे आपल्याच बाबतीत झालं असं नाही. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिली आणि त्यांना पकडणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशनेच दुसऱ्या वर्षी रामोशांवर पुस्तक काढलं. पकडणारा लिहिणार, तर पकडलेला दरोडेखोरच दिसणार ना!

आपला मुलूख तर सरहद्दीचा. १८५३ ला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि पैनगंगा ही दोन राज्यांमधली रेघ झाली. अलीकडे जो गुन्हेगार, तो पलीकडे मोकळा. याच रेघेचा उपयोग १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी केला. उमरखेडला त्यांचा कॅम्प होता. ३० जानेवारी १९४८, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, इकडे उमरीच्या बँकेवर हल्ला करून वीस लाखांहून जास्त रक्कम नेली. निजाम सरकारच्या लेखी तो दरोडाच. पण ते पैसे कुणाच्या वाड्यात गेले नाहीत. चळवळीकडे जमा झाले आणि त्यांचा हिशेब दिला गेला. माझ्या मते दरोडा आणि लढा यातला फरक इथं आहे. नुसत्या बंदुकीने कुणी क्रांतिकारक होत नाही, हिशेब द्यायची तयारी लागते.

आणि हिशेब म्हटलं की तो पूर्ण द्यावा लागतो. कासीम रझवी लातूरचा वकील होता हे आपण सांगतो, रझाकारांचे अत्याचार सांगतो, ते सांगायलाच पाहिजेत. पण पोलीस अॅक्शननंतर काय झालं? पंडित सुंदरलाल समिती इथं फिरली. तिने सगळ्यात जास्त झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यात उस्मानाबाद आणि नांदेड होते, बिदर आणि गुलबर्गा हे बाकीचे दोन. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. मारले गेलेले बहुतांश साधे मुसलमान होते, त्यातल्या कित्येकांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. १७ सप्टेंबरच्या भाषणात हे कुणी बोलत नाही. झेंडा अभिमानानेच लावूया, पण अर्धी गोष्ट सांगून मिळालेला अभिमान टिकत नाही हो.

इंग्रजांनी, निजामाने आपल्या माणसांवर एक शिक्का मारला. तो पुसून आपण दुसरा मारायचा, काल 'लुटारू' तर आज 'आमच्या जातीचा वाघ', याने इतिहास कसा होईल? माणूस दोन्हीकडे हरवतोच.

वेळ फार उरलेला नाही. १९४८ ला अठरा वर्षांचे असलेले आजोबा-आजी आज पंचाण्णवीच्या पुढे आहेत. गावागणिक एक-दोन उरले असतील. खिशात मोबाईल आहे, रेकॉर्डिंगला पैसे पडत नाहीत. त्यांच्यापाशी बसा. नाव, गाव, साल विचारा, आणि 'तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं?' हा एक प्रश्न विसरू नका. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे. विद्यापीठाने तालुकावार अशा आठवणी जमवल्या आणि सगळ्यांना ऐकायला खुल्या ठेवल्या, तर ते त्या नावाला शोभेल. ग्रामपंचायतींनीही झेंडावंदनानंतर अर्धा तास यासाठी ठेवावा.

तुमच्या गावाची अशी गोष्ट असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा. फक्त कुणाकडून ऐकली ते आधी लिहा. आणि जातीच्या नावाने भांडायचं असेल तर माफ करा, इथं जागा नाही.