चित्र आपल्या गावाचेच काढा



स्पर्धेसाठी चित्र काढा म्हटले की आपण काय काढतो? दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि नदीत बदक. सगळ्यांचे तेच. मला हे पटत नाही.

व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली दिल्लीत मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षी तिच्यात परदेशातली मुलेही आली. भाषा वेगळी असली तरी चित्र सर्वांना कळते. एकदा हंगेरीच्या राजदूतांनी शंकर यांना एक बाहुली दिली. मग त्यांनी देशोदेशीच्या बाहुल्या जमवल्या आणि १९६५ साली दिल्लीत बाहुल्यांचे संग्रहालय झाले. सगळ्या बाहुल्यांना एकसारखाच फ्रॉक असता तर कोण बघायला गेले असते? चित्रांचेही तसेच आहे.

आपल्या डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी काय काढले? मासे धरायचे जाळे, शेतात राबणारी माणसे. म्हणजे आपण रोज बघतो तेच. २००३ साली जर्मनीत इंग्लंडचे कलाकार रिचर्ड लाँग यांच्या कामाबरोबर त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कुणी म्हणेल, आपल्या चित्रात शेण, कोंबड्या आणि चिखल, परदेशातली मुले हसतील. हसू देत की! त्यांच्याकडचा बर्फ आपल्याला नवा, तशी आपली भाताची लावणी त्यांना नवी.

पण नुसते त्रिकोण जोडून माणसे काढली म्हणजे वारली चित्र झाले, असे नाही. आधी घरी विचारावे. माझी आजी सांगते, लग्नाचा चौक काढत नाहीत, लिहितात. चौकात पालघट देवी असते. ती झाडाझुडपांची देवी. हे मला पुस्तकात नाही, आजीकडे कळले. दुसऱ्याला दाखवायचे म्हटले की आपणसुद्धा आपले घर नीट बघतो. माझ्या मते परदेशी चित्र पाठवण्याचा हाच मोठा फायदा आहे, बक्षीस मिळो न मिळो.

म्हणून पालकांना विनंती आहे. मुलाने तारप्याबद्दल, चौकाबद्दल काही विचारले तर "जा, अभ्यास कर" म्हणू नका. जवळ बसवून सांगा. तोही अभ्यासच आहे.

– इयत्ता ४ थी