शिष्यवृत्ती द्या, देशप्रेमाची हजेरी घेऊ नका

मलेशियात सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना आधी एक निवासी शिबिर सक्तीने करावे लागे. ‘बिरो तातानेगारा’ हा पंतप्रधानांच्या खात्यातला विभाग ते चालवी. १९७४ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि राष्ट्रनिष्ठा जागवणे हा त्याचा जाहीर हेतू होता. प्रत्यक्षात तिथे वांशिक दुही शिकवली जाते, सत्ताधारी पक्षाचा प्रचार होतो, अशा तक्रारी वाढत गेल्या. २००९ मध्ये विरोधकांच्या ताब्यातल्या सेलांगोर राज्याने आपले कर्मचारी आणि विद्यार्थी तिकडे पाठवणे थांबवले. २०१८ मध्ये नव्या सरकारने तो विभागच गुंडाळण्याचा निर्णय घेतला. महाराष्ट्रात अशी सक्ती नाही. पण ‘जनतेच्या पैशावर जाता, तर आधी देशप्रेमाचे धडे घ्या’ हे म्हणणे आपल्याकडेही पुष्कळांना सहज पटेल, म्हणून ते आधीच तपासून पाहिले पाहिजे.

पैसे देणाऱ्याला बांधिलकी मागण्याचा हक्क नक्कीच आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेव्हा दरमहा साडेअकरा पौंडांच्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. ही अट कामाची होती. ती पाळली की मोडली हे कोणालाही दिसले असते. १९१७ मध्ये बाबासाहेब ती पाळायला बडोद्यात हजरही झाले. तिथे त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावले गेले, कचेरीतले शिपाईही त्यांच्याकडे लांबूनच कागद टाकत. लवकरच त्यांना बडोदे सोडावे लागले. परदेशात राहून त्यांची निष्ठा कमी झाली नव्हती. ते ज्या समाजात परतले, त्यानेच त्यांना पाय रोवू दिला नाही. शिकलेली मुले परत का येत नाहीत, असे तळमळीने विचारणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

याच बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबियात भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला. देशावरचे इतके परखड प्रेम कोणत्या शिबिरात शिकवता आले असते? उलट २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय वगळले. या विषयांची साधने देशातच उपलब्ध आहेत, असे कारण दिले गेले. साधने असतील, पण आपल्याच समाजाकडे दुरून आणि निर्भयपणे पाहण्याची मोकळीक ग्रंथालयातून मिळत नाही. ही शिष्यवृत्ती प्रामुख्याने अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे, म्हणून ही कात्री अधिक बोचते.

छात्रसेनेत, राष्ट्रीय सेवा योजनेतही देशसेवेचे संस्कार होतात, मग शिबिरालाच विरोध का, असे कोणी विचारेल. तिथे मुले बहुतेक आपणहून जातात, आणि नाव न घातल्याने कोणाची परदेशातली जागा जात नाही. दाखला मिळाल्याशिवाय विमान नाही, असे ठरले की मुलगी शिबिरात आयोजकांना आवडेल तेच बोलणार. तिच्या मनात काय आहे ते कोणालाच कळणार नाही. शिवाय ही सक्ती पडेल ती शिष्यवृत्तीवाल्यांवरच. ज्याचे वडील लाखो रुपये स्वतः भरू शकतात, त्याला देशप्रेमाचा दाखला कोणी मागणार नाही. गरिबाच्या निष्ठेवरच संशय घेणारा हा नियम मला अन्यायाचा वाटतो.

बारामती तालुक्यातल्या पिंपळीसारख्या गावातली मुलगी परदेशी निघते, तेव्हा तिला तयारीची गरज असतेच. व्हिसावर आठवड्याला किती तास काम करता येते, घरभाड्याच्या करारात काय पाहायचे, अडचणीत भारतीय दूतावासात कोणाला गाठायचे, हे तिला घरात सांगणारे कोणी नसते. त्यासाठी सरकारने जरूर वर्ग घ्यावेत. आणि परतीच्या ओढीचेच बोलायचे तर, बारामतीच्याच अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला आहे. परदेशात संगणकशास्त्र किंवा मृदाशास्त्र शिकलेल्या मुलीला गावाजवळ असे काम मिळण्याची शक्यता दिसली, तर ती परतण्याचा विचार करील. शिबिरावर जो पैसा जाईल तो अशा प्रकल्पांतल्या जागांना द्यावा, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता परदेशातल्या विद्यापीठाची फी भरण्याच्या तारखेआधी तिच्या खात्यात पोहोचेल एवढे पाहावे.