गंगेची वाळू विकून समुद्राच्या वाळूवर

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या आमच्या गेवराई तालुक्यातून दोन तऱ्हेच्या गाड्या पश्चिमेला निघतात. पहिल्या, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या. त्यांत ऊसतोडीला निघालेल्या कोयत्याच्या जोड्या, त्यांची पोरे, पत्र्याच्या पेट्या, बाजरीचे पोते, एखादी शेळी. ही माणसे साखर कारखान्याच्या फडावर कोपी घालून चार-सहा महिने राहतात. दुसऱ्या गाड्या उंच, पांढऱ्या, काळ्या काचांच्या. त्या काशीदला जातात, गणपतीपुळ्याला जातात, गोव्याला तर जातातच. पहिल्या गाड्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला दुसऱ्या गाड्यांविषयी लिहायचे आहे, कारण त्यांत बसणारे लोक लिहिलेले वाचतात.

रायगड जिल्ह्यात मुरूड आणि रोहा या तालुक्यांत फणसाडचे अभयारण्य आहे. कधी काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे रान. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम 54 चौरस किलोमीटर, पण त्यात शेकरू आहे, सांबर आहे, बिबट्या आहे आणि झाडांवरून झाडांवर गेलेली गारंबीची जाड वेल आहे. रानातल्या पाणवठ्यांना तिथे गाण म्हणतात. हे जंगल डोंगर उतरत समुद्राच्या इतके जवळ येते, की त्या भागात अजून काही वाकणे अशी सापडतात जिथे पाठीमागे दाट झाडी, दोन्ही बाजूंना काळा खडक आणि मध्ये हातरुमालाएवढी पुळण. अशा एका वाकणात मी गेलो होतो. त्याचे नाव आणि वाट मी मुद्दामच सांगत नाही. नाव छापून आले की पुढच्या शनिवारी तिथे पार्किंगचा प्रश्न उभा राहतो.

ओहोटी होती. ओल्या वाळूवर खेकड्यांनी बिळातून काढून टाकलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी पसरली होती. ती चुकवत चार पावले चाललो तेव्हा वाळूत एक काचेची मान दिसली. उकरले तर अख्खी क्वार्टर. शेजारी दुसरी, मग तिसरी. कोणीतरी बसल्या बसल्या रिकाम्या बाटल्या उलट्या रोवून ठेवल्या होत्या, एका ओळीत, हौसेने. एकीचे बूड फुटून कड वर आली होती. झाडीच्या कडेला थर्माकोलच्या पत्रावळ्या, कोंबडीची हाडे, चुलीसाठी काळवंडलेले तीन दगड. एका बुंध्याची साल हातभर सोलून त्यावर बाण आणि दोन नावे कोरलेली. आणि जरा वर, मुळांत, देवीच्या तसबिरीची फुटकी चौकट, वाळलेल्या हारासकट. घरात भंगलेली देवी ठेवू नये म्हणतात, म्हणून तिला जंगलात आणून टाकलेले. बाटली आणि देवी एकाच झाडाखाली, एकाच भक्ताची असावी असे मला वाटून गेले. खात्री नाही, पण वाटून गेले.

परत वर रस्त्यावर आलो तर गाडी उभी. एमएच 23. आमच्या बीड जिल्ह्याचा नंबर परमुलखात दिसला की कोणालाही आनंद होतो, तसा मलाही क्षणभर झाला. मागचे दार उघडे, आत डबड्याएवढा स्पीकर, गाणे समुद्रापेक्षा मोठ्याने. चार-पाच तरणीताठी पोरे पुठ्ठ्याचे खोके उतरवत होती. त्यातल्या एकाने ओळखले. "गुरुजी, तुमी बी हितं व्हय!" म्हणत पाया पडला. मी म्हटले, "बाबा, खाली काचा पडल्यात, तुझ्याच वयाच्या कोणीतरी टाकल्यात. तुम्ही तरी रिकाम्या बाटल्या गाडीत घालून न्या. आणि ते गाणं बंद कर, जंगल आहे हे." तो हसला. "गुरुजी, इतक्या लांब आलाव. गावात तर कुठं मोकळं बसता येत न्हाई. हितं तरी बसू द्या की."

पोरगा वाईट नव्हता. मला त्याच्या "मोकळं" या मागणीचीच काळजी वाटते. गावात आजा असतो, भावकी असते, ओळखीचा दुकानदार असतो, म्हणून तिथे पोरगा सरळ चालतो. जिथे ओळखणारे कोणी नाही तिथे पोहोचला की त्याच्या अंगावरून सगळे उतरते. म्हणजे आपण त्याच्यावर चढवले ते संस्कार नव्हते, पाळत होती. आणि हे त्या पोरापुरते नाही. दर वर्षी 2 ऑक्टोबरला झाडू हातात धरून फोटो काढणारे आपण सगळे या पाळतीवरच सज्जन आहोत. गाडगेबाबा गावात शिरताच खराटा हातात घ्यायचे, कीर्तन नंतर. त्यांच्या नावाने 2000-01 पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा तपासणीची समिती येणार त्या दिवशी गावे लख्ख झालेली मी पाहिली आहेत आणि समितीच्या जीपची धूळ बसायच्या आत हागणदारीचा रस्ता पुन्हा वाहता झालेलाही पाहिला आहे. बक्षिसासाठी झाडलेला गाव आणि निर्जन किनाऱ्यावर पुरलेली बाटली ही एकाच शाळेत शिकलेली आहेत.

बरे, हे मोकळेपण तरी सगळ्यांना आहे का? त्या वाकणात मला एकही बाई दिसली नाही. आमच्या तलवाड्यात डोंगरावरच्या त्वरितादेवीला नवरात्रात लेकी-सुना झुंडीने जातात. पण इतर दिवशी, भर दुपारी, तुमच्या घरातली वीस वर्षांची मुलगी "मला जरा एकटीने वर बसून यायचंय" म्हणाली, तर तुम्ही काय म्हणाल? देवीच्या भरवशावर सोडाल? निसर्गात एकटे बसण्याचा हक्क आपण पुरुषांच्या नावावर करून टाकला आहे आणि त्याची फेरफार नोंद कोणी तपासत नाही. एखादी मुलगी मित्राबरोबर अशा ठिकाणी दिसलीच, तर आदल्या रात्री तिथेच बाटल्या फोडणारे हात मोबाईल उगारून त्यांना अडवतात. आधी नाव विचारतात, मग आडनाव. आडनाव का, हे मराठी वाचकाला मी समजावून सांगायला नको. संस्कृती धोक्यात आल्याची ओरड करणाऱ्यांना रोवलेली बाटली दिसत नाही, दोघांची आडनावे मात्र लांबून दिसतात.

आता त्या गाडीकडे वळू. ती कशाच्या पैशावर आली? सगळ्याच गाड्या तशा नसतात. कोणी कर्ज काढून घेतो, कोणी नोकरीतून. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठाला, ज्या वेगाने उंच गाड्या आल्या, तो वेग कापसाने दिलेला नाही, तुरीने तर नाहीच. तो वाळूने दिला. आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो. बीड जिल्ह्याची उत्तरेची शीव तीच. राक्षसभुवनला तिच्याच काठी 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, पांचाळेश्वरला महानुभावांचे आत्मतीर्थ तिच्याच पात्रात आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले तरी वाळूत हातभर झिरा खोदला की पाणी लागायचे. भोई मंडळी त्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या करायची. संध्याकाळी पाय पसरून बसायला समुद्र कशाला हवा होता? मैलभर रुंद पुळण दारातच होती.

वाळूच्या थरात पावसाळ्याचे पाणी मुरून राहते आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पाझरते. थर गेला की पाणी वाहून जाते आणि विहीर उन्हाळ्याआधीच तळ दाखवते. त्यात वरच्या अंगाला पैठणला जायकवाडीचे धरण आहे. धरण पाण्याबरोबर वरून येणारी वाळूही अडवते. म्हणजे पात्रातून उचललेली वाळू पुढच्या पुराने भरून येईल ही समजूत बरीचशी खोटी. हे तलाठ्याला कळते, मंडळ अधिकाऱ्याला कळते, ज्याच्या विहिरीचे पाणी गेले त्याला तर कळतेच. तरीही रात्री पात्रात पोकलेन उतरते, पाण्याखालची वाळू केनी लावून ओढतात, टिप्पर आणि हायवा पहाटेपर्यंत फेऱ्या मारतात. सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपककुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात उपशाच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरणाची परवानगी सक्तीची केली. राज्य सरकारने 2023 मध्ये 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले. धोरणे बदलली, टिप्परचे ड्रायव्हर बदलले, हप्त्याचे आकडे बदलले.

आणि मग ज्याने आपल्या गंगेची पुळण ब्रासाने विकली, तोच चारशे किलोमीटर डिझेल जाळून दुसऱ्याच्या पुळणीवर पाय पसरायला जातो. तिथे जाऊन म्हणतो, "काय निसर्ग आहे राव कोकणात! आपल्याकडं काय आहे?" आपल्याकडे होते. ते तुझ्या गाडीच्या बोनेटखाली आहे.

याची किंमत कोण देतो तेही पाहा. फेब्रुवारी 2022 मध्ये आमच्याच गेवराई तालुक्यात शहाजानपूर चकला इथे सिंदफणा नदीच्या पात्रात वाळू उपशाने पडलेल्या खड्ड्यात चार लहान मुले बुडून मेली. पात्र ओळखीचे होते, खड्डा नवा होता. त्याआधी 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. दोन घटनांची कारणे वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ मी करत नाही. पण दोन्हींनंतर समाज म्हणून आपण जे केले ते सारखेच होते. मेणबत्त्या, हळहळ, निलंबनाची मागणी, पंधरा दिवसांनी सामसूम. समुद्राला भरती-ओहोटी असते, त्याची वेळ काठावरच्या कोळ्याला विचारावी लागते, एवढे साधे ज्ञान आपल्या सहलीच्या परिपत्रकात मावत नाही, आणि पात्रातला खड्डा बुजवण्याची जबाबदारी लिलावाच्या कागदात असली तरी ती कोणी मागत नाही.

हीच किंमत रानात कोण देतो ते पाहायचे, तर कुठल्याही अभयारण्याच्या वेशीवर थोडा वेळ उभे राहा. कायदा कोणाला आडवा येतो ते दिसेल. रायगडच्या रानाकाठी कातकरी राहतात. इंग्रजांनी त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला होता, जसा आमच्याकडे पारध्यांवर मारला. आज सरकार त्यांची गणना महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बळ आदिवासी जमातींत करते. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. वाळक्या फांद्यांची मोळी घेऊन निघालेल्या बाईला हटकणारे हात महाराष्ट्रभर सापडतात, कारण तिची मोळी डोक्यावर असते आणि सगळ्यांना दिसते. खोक्यातली दारू काळ्या काचेआड असते. रानात पिढ्यानपिढ्या राहून जिने रान राखले ती संशयित, आणि दोन रात्रींत ते नासवून गेलेला पर्यटक, म्हणजे विकास! 2006 च्या वनहक्क कायद्याने तिच्या हक्काला नाव दिले खरे, पण तो कागद मिळवण्यासाठी तिने घातलेले हेलपाटे कोणत्याही पर्यटन धोरणाच्या पुस्तिकेत नाहीत.

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल, गुरुजी, लोक असेच, काय करणार. नाही, लोक असेच नसतात. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास घ्या. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी उकरून अंडी खाणे किंवा विकणे हा किनाऱ्यावरचा जुना रिवाज होता. कायदा कधीचाच होता, अंडी तरीही जात होती. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे काम उभे केले आणि गावकऱ्यांना सोबत घेतले. आज घरटी राखणारे गावातलेच असतात, पाहुण्यांना घरात उतरवून पिठले-भात किंवा मोदक वाढणारेही गावातलेच. पाहुण्याला पिल्ले समुद्राकडे जाताना दोरीच्या अलीकडून, मुकाट्याने पाहावी लागतात. वेळासला पुण्यामुंबईचे लोक जातात, ते काही वेगळ्या मातीचे नसतात. फरक एवढाच, की तिथे गावाने सांगितले, हे आमचे आहे आणि असे वागावे लागेल.

आमच्या गंगथडीने असे कधी सांगितले? मंदिराच्या सभामंडपासाठी वाळूवाल्याची वर्गणी घेताना आपण त्याचे नाव संगमरवरावर कोरतो. सप्ताहात पंगत त्याची, जयंतीच्या मिरवणुकीचा डीजे त्याचा, निवडणुकीत बूथही त्याचाच. मग तहसीलदाराच्या गाडीवर टिप्पर घातल्याची बातमी येते तेव्हा आपण कोणत्या तोंडाने हळहळतो? चोराला दानशूर केले ते कोणी बाहेरच्याने नाही. हारतुरे घेऊन आपणच उभे होतो, आणि मास्तर म्हणून त्या मांडवात भाषणाला बोलावले की आम्हीही जातोच.

26 जानेवारीला ग्रामसभा असते. गंगथडीच्या आणि सिंदफणेकाठच्या गावांत राहणाऱ्या वाचकाला माझे एवढेच सांगणे. झेंड्याला सलामी देऊन घरी जाऊ नका, सभेला बसा. आपल्या पात्रातून वर्षभरात किती ब्रास वाळू गेली, किती पावत्या फाटल्या आणि राहिलेले खड्डे कोण बुजवणार, हे तीन प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. हे विचारणारा बहुधा एकटाच उठेल. त्याच्या शेजारी तुम्हीही उठून उभे राहा, आणि घरातल्या बाईलाही सभेला आणा.