कितवी फवारणी?

धावडा परिसरात मिरचीवर फवारणी जोरात सुरू झाली, की माझ्या दवाखान्यातले रुग्णही बदलतात. मळमळ, दरदरून घाम, तोंडाला सुटलेले पाणी आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांतल्या बाहुल्या. गेल्या हंगामात असाच एक तरुण आला. बरे वाटू लागल्यावर मी विचारले, "यंदाची कितवी फवारणी?" तो म्हणाला, "मोजली नाही, डॉक्टरसाहेब. औषध मारलं की आठ दिवसांत कीड परत हजर."

ती परत का येते, हा प्रश्न कृषी खात्याचा म्हणून मला सोडता येत नाही. प्रत्येक जादा फवारणी पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगातही मुरत असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले.

मावा, फुलकिडे खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा हे शेतातले बिनपगारी राखणदार. ढालकिड्याची एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. पण ती दिसते काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी. तिलाच कीड समजून पुष्कळजण पंप उचलतात! जहाल औषधाने दोघेही मरतात. मग मावा झपाट्याने वाढतो, राखणदार मागे पडतात. सायपरमेथ्रीनसारख्या औषधांनी तर मिरचीवरचे कोळी खाणारे शिकारी कोळी मरतात आणि पाने चुरडणारे कोळी उलट माजतात. बाटलीवरच्या हिरव्या त्रिकोणावरही विसंबू नये. तो रंग माणसाला धोका किती एवढेच सांगतो, मित्रकीटकांविषयी काही सांगत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. दुकानदाराने सांगितले म्हणून वार ठरवून फवारू नये. आधी पान उलटून पाहावे. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. फळ पोखरणाऱ्या अळीच्या अंड्यांसाठी ट्रायकोकार्ड मिळते. कार्ड लावून दुसऱ्याच दिवशी जहाल औषध मारणारेही मी पाहिले आहेत. पैसे पाण्यात!

फवारताना त्रास झाला तर लगेच कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, आणि दवाखान्यात येताना औषधाची बाटली बरोबर आणावी. तो तरुण बाटली विहिरीवरच विसरला होता. त्याच्या भावाला परत पिटाळावे लागले.