इम्प्लांटचे नाव विचाराच

स्तनाच्या कर्करोगात पूर्ण स्तन काढावा लागला, तरी तो पुन्हा घडवता येतो. ते काम प्लास्टिक सर्जनचे. मी फिजिशियन, पण पुढे वर्षानुवर्षे बीपी-शुगरसाठी या भगिनी माझ्यासारख्याकडेच येतात. आत काय बसवले आहे असे विचारले, की बहुतेकींचे उत्तर ठरलेले: "सिलिकॉनचं काहीतरी आहे." एवढी माहिती पुरेशी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

इम्प्लांटचे बाहेरचे कवच सिलिकॉनचे असते, आत सिलिकॉन जेल किंवा सलाईन. काही कवचे गुळगुळीत, काही खरबरीत. हा फरक किरकोळ वाटतो ना? खरबरीत कवचाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक वेगळाच कर्करोग होतो. तो स्तनाचा नव्हे, लिम्फोमा असतो आणि बहुधा बऱ्याच वर्षांनी उद्भवतो. म्हणून जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सांगितल्यावर ॲलर्गन कंपनीने बायोसेल जातीची इम्प्लांट जगभरातून परत घेतली. त्रास नसलेल्यांनी ती काढून घेण्याची गरज नव्हती, फक्त लक्ष ठेवायचे होते. पण ज्या बाईला आपल्या इम्प्लांटचे नावच माहीत नाही, तिने लक्ष कशावर ठेवायचे?

इम्प्लांटला आधार म्हणून कधी जाळी लावतात. ती कृत्रिम धाग्यांची असते, किंवा मृत दात्याच्या, डुकराच्या, गाईच्या त्वचेतील पेशी काढून उरलेल्या कोलॅजेनच्या सांगाड्याची. तिच्यात हळूहळू आपल्या रक्तवाहिन्या शिरतात. ती कुणाच्या त्वचेची आहे, हे आपल्याकडे ऑपरेशनआधी सांगितलेच पाहिजे. काहींना ते चालणार नाही आणि तो त्यांचा अधिकार आहे.

रेडिएशन घ्यायचे असेल तर इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळून कडक होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी स्वतःच्या पोटावरची त्वचा आणि चरबी वापरण्याबद्दल जरूर विचारा. ऑपरेशन मोठे असते, टाके दोन जागी पडतात, पण परके काही आत राहत नाही. काहीच न करून घेणे हाही एक पर्याय आहे. मात्र तो तुम्ही निवडा, "या वयात कशाला?" म्हणणाऱ्या नातेवाइकांनी नव्हे.

मार्ग कुठलाही असो, शुगर आधी आटोक्यात आणा. तंबाखू आणि मिश्रीही बंद. (मिश्री म्हणजे तंबाखूच, "फक्त दातांना लावते" हे मला सांगू नका.)

इम्प्लांट जन्मभराचे नसते. डिस्चार्जच्या वेळी कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर असलेले कार्ड मागून घ्या आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. काही वर्षांनी एक बाजू अचानक सुजली, तर मालिश-शेक करत बसू नका. सोनोग्राफी करून घ्या, आत पाणी असेल तर ते तपासायला पाठवायला सांगा, आणि जाताना ते कार्ड सोबत न्या.