डोळा दुखतो, पण लाल नाही

डोळे आले की ते लाल होतात, चिपडं धरतात, घरातले सगळे सांभाळून राहतात. पण एका दुखण्यात डोळा वरून अगदी स्वच्छ असतो. तो फिरवला की आत, मागच्या बाजूला ठणकतं आणि दोन-चार दिवसांत त्या डोळ्यापुढे धुकं दाटतं. मग स्टेशनजवळच्या दुकानात नंबर तपासून नवा चष्माही येतो. फरक मात्र पडत नाही.

कसा पडणार? बिघाड असतो डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत. रोगाशी लढणारी आपलीच शक्ती त्या नसेवर उलटते आणि नस सुजते. विशी ते चाळिशीतल्या बायकांना हे जास्त होतं.

कुंकवाची डबी उघडा. एकेक डोळा झाकून बघा. एका डोळ्याला कुंकू विटकं दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. रंग ठीक, पण नजर अंधूक, तरीही जायचंच.

सहसा तीन ते पाच दिवस शिरेतून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देतात. त्याआधी साखर आणि क्षय तपासून घेतात. शेजारणीच्या सांगण्यावरून गोळ्या मात्र घेऊ नका! १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, नुसत्या नेहमीच्या मात्रेतल्या गोळ्या घेतलेल्यांना हे दुखणं पुन्हा जास्त वेळा झालं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मनाने बंद करणंही तितकंच वाईट.

बहुतेकींची नजर काही आठवड्यांत बरीचशी परतते. म्हणून पुढच्या तपासण्या टाळल्या जातात, आणि खरा धोका तिथेच आहे. काहींना हे मल्टिपल स्क्लेरोसिसचं पहिलं लक्षण असतं. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका त्याहून कडक, त्यात एका झटक्यातही नजर कायमची जाऊ शकते. त्याची रक्तातली खूण २००४ साली सापडली. पहिल्या आजारावरची काही औषधं दुसऱ्याला अपाय करतात, तेव्हा एम.आर.आय.बरोबर अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या रक्तचाचण्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. खर्चाची धास्ती असेल तर मुलुंड-घाटकोपरकरांना सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, अंधेरी-बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रलचं नायर. दोन्ही पालिकेची, दोन्हीकडे मेंदूविकार विभाग आहेत.

बरं वाटल्यावरही कढत पाण्याने न्हाल्यावर किंवा जिन्याची धावपळ झाल्यावर डोळ्यापुढे अंधारल्यासारखं होतं. अंग निवलं की ते जातं. दिवसभर गेलं नाही, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा.